अंधारातला नेम, स्वस्तातली रायफल

मिशिगनमध्ये डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिसातून निघून, मुलीला पियानोच्या वर्गाला सोडून आपण मोकळे होतो तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. टेनिस खेळणाऱ्यांना बंदिस्त कोर्ट असते, पोहणाऱ्यांना गरम पाण्याचा तलाव असतो. उघड्यावरच्या नेमबाजीचा छंद असलेल्या नोकरदाराला मात्र वर्षातले चार-पाच महिने दोनच मार्ग उरतात. एक, शनिवार-रविवारची वाट पाहणे. दुसरा, अंधारात नेम धरायला शिकणे. आमच्या भागातल्या एका क्लबात हिवाळ्यात आठवड्यातून एक संध्याकाळ ५० यार्डांवर दिवे लावून .२२ रायफलीची नेमबाजी चालते. गेली काही वर्षे मी तिथे नियमाने जातो. रायफल साधी आहे, तीनशे डॉलरच्या आतली. या छंदात जे विज्ञान दडलेले आहे ते वाचकांपुढे ठेवावे आणि त्याबरोबर येणारी जबाबदारीही स्पष्ट सांगावी, असा या लेखाचा हेतू आहे. ज्यांना बंदूक या शब्दाचीच धास्ती वाटते त्यांनीही तो वाचावा. किंबहुना त्यांनी शेवटचा भाग जरूर वाचावा.

आधी कायदा

"अमेरिकेत काय, कोणीही दुकानात जाऊन बंदूक घेऊ शकतो," हे वाक्य आपल्या जेवणाच्या टेबलांवर नेहमी ऐकू येते. ते अर्धसत्य आहे. परवानाधारक दुकानातून रायफल घ्यायला वय किमान १८ लागते, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून सुरू असलेल्या संघीय संगणकीय यंत्रणेतून ग्राहकाचा पूर्वेतिहास तपासला जातो. राज्याराज्यांचे नियम याशिवाय वेगळे. नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना ही वाट मोकळी आहे.

पण आपल्यापैकी अनेकांना ती मोकळी नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. जे लोक तात्पुरत्या, म्हणजे बिगर-स्थलांतरित व्हिसावर येथे आले आहेत, त्यांना शस्त्र किंवा काडतूस बाळगण्यास १९९८ सालापासून संघीय कायद्याने बंदी आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, जे-१ हे सारे त्यात आले. उन्हाळ्यात आपले आईवडील ज्या बी-२ व्हिसावर येतात तोही आला. काही अपवाद आहेत; त्यातला मुख्य म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा मुदतीतला शिकारीचा परवाना जवळ असणे. 'बाळगणे' या शब्दाचा अर्थ केवळ मालकी असा नाही. रेंजवर भाड्याची रायफल हातात घेऊन दहा गोळ्या मारणे हेही त्यात मोडू शकते. गुन्हा सिद्ध झाल्यास २०२२ च्या दुरुस्तीनंतर १५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि देशाबाहेर काढले जाण्याचा धोका वेगळाच. तेव्हा भारतातून आलेल्या आजोबांना रेंजवर नेऊन, हातात रायफल देऊन फोटो काढण्याचा मोह टाळावा. ऑफिसातल्या गोऱ्या मित्राने कितीही आग्रह केला, तरी नव्याने आलेल्या एच-१बी वाल्याने "आधी वकिलाला विचारतो" असे सांगून मोकळे व्हावे. मित्राला तो कायदा ठाऊक नसण्याचीच शक्यता अधिक, कारण त्याला त्याची कधी गरजच पडलेली नसते.

स्वस्तातली रायफल का?

कॉलेजात ज्यांनी एन.सी.सी. केली त्यांच्या हातून .२२ रायफलीच्या पाच-दहा गोळ्या सुटलेल्या असतात. हे काडतूस जुने आहे. .२२ लाँग रायफल हा त्याचा आजचा अवतार १८८७ साली अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने आणला. गोळी शिशाची, वजन सुमारे २.६ ग्रॅम. दस्त्याचा धक्का जवळजवळ नाहीच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळवले ते याच काडतुसावर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवले तेही याच काडतुसावर. त्या स्पर्धेत ५० मीटरवरच्या टार्गेटचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे.

ऑलिंपिकच्या दर्जाची रायफल काही हजार डॉलरला पडते. सॅव्हेज मार्क-२ किंवा १९६४ पासून बाजारात असलेली रुगर १०/२२ अशा साध्या रायफली दोनशे ते साडेतीनशे डॉलरच्या आसपास मिळतात. मग महागडी घेऊन काय साधते? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो.

समजा, रायफल शिकंजात घट्ट आवळून ५० यार्डांवर पाच गोळ्या मारल्या आणि त्यांचा पुंजका एक इंचाचा आला. ही रायफलीची आणि काडतुसाची चूक. आता तीच रायफल माणसाच्या हातात दिली. माणसाची स्वतःची चूक समजा दोन इंचांची आहे. एकूण पुंजका किती येईल? एक अधिक दोन म्हणजे तीन, हे उत्तर बरोबर नाही. या दोन चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. कधी त्या एकाच दिशेला जातात, कधी एकमेकींना खोडतात. त्यामुळे त्यांची बेरीज पायथागोरसच्या पद्धतीने होते: एकाचा वर्ग अधिक दोनाचा वर्ग म्हणजे पाच, आणि पाचाचे वर्गमूळ सुमारे २.२४. आता दोन-तीन हजार डॉलर मोजून अगदी निर्दोष रायफल आणली, तिची चूक शून्य मानली, तर पुंजका येईल दोन इंचांचा. म्हणजे सगळ्या खर्चातून फायदा झाला पाव इंचाहूनही कमी. उलट तीच स्वस्तातली रायफल ठेवून माणसाने आपली चूक दोनावरून दीड इंचावर आणली तर पुंजका १.८ इंचांवर येतो. सरावाने मिळालेला फायदा पैशाने मिळालेल्या फायद्याच्या जवळजवळ दुप्पट. रात्री तर माणसाची चूक आणखी वाढलेली असते, त्यामुळे रायफलीचा वाटा त्याहून कमी. अंधारात स्वस्त आणि महाग रायफल यांच्यातले अंतर कमी होते ते असे.

मात्र आपली रायफल कशी आहे हे मोजताना फसगत होऊ देऊ नये. तीन गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या की माणूस तो कागद पाकिटात घालून मिरवतो. पण पुंजक्याचा आकार गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढत जातो. संख्याशास्त्राच्या हिशेबाने तीन गोळ्यांचा सरासरी पुंजका एक इंचाचा असेल, तर त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा पुंजका सुमारे १.६ इंचांचा येतो. शिवाय पाच गोळ्यांचे पुंजके सरासरी एक इंचाचे असले तरी त्यातला एखादा पाऊण इंचाचा आणि दुसरा सव्वा इंचाचा असणे हे अगदी नित्याचे आहे. त्यात रायफल सुधारलेली नसते की बिघडलेली नसते. तेव्हा एकाच पुंजक्यावरून काडतुसाचा ब्रँड बदलू नये. दहा-दहाचे चार कागद मारावेत आणि मग ठरवावे. खर्च करायचाच असेल तर तो काडतुसांवर करावा. प्रत्येक नळीला एखादे काडतूस मानवते आणि एखादे मानवत नाही. निरनिराळी पाच-सहा खोकी आणून पाहणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी प्रयोग आहे.

डोळा आणि अंधार

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे साठ लाख. त्या उजेडात काम करतात, रंग ओळखतात आणि बारकावा टिपतात. दांड्याच्या आकाराच्या पेशी दहा कोटींच्या आसपास. त्या मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही आणि बारकावाही फारसा दिसत नाही. गंमत अशी की आपण ज्या बिंदूने रोखून पाहतो, त्या पडद्याच्या अगदी मध्यावर दांडपेशी नसतातच. म्हणून अंधुक ताऱ्याकडे थेट पाहिले की तो नाहीसा होतो आणि जरा बाजूला पाहिले की दिसू लागतो. आकाशदर्शनाला जाणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असते. नेमबाजाची पंचाईत हीच आहे, की त्याला बाजूला पाहून चालत नाही. नेम म्हणजे रोखून पाहणे. म्हणजेच रात्रीसुद्धा त्याला शंकूपेशींचाच आधार घ्यावा लागतो आणि शंकूपेशींना उजेड हवा. यावरून पहिला नियम निघतो: टार्गेट उजळलेलेच पाहिजे. पूर्ण अंधारात, चांदण्याच्या भरवशावर कागदावर नेम धरणे हा पराक्रम नव्हे, तो अविचार आहे.

दांडपेशींना अंधाराची सवय व्हायला तीस-चाळीस मिनिटे लागतात आणि खिशातल्या फोनचा पांढरा उजेड डोळ्यावर पडला की ती काही सेकंदांत मोडते. तांबड्या प्रकाशाला दांडपेशी फारशा दाद देत नाहीत, म्हणून रेंजवर कपाळाला बांधायचा दिवा तांबडा असावा. आता कोणी विचारील, की टार्गेट उजळलेले आहे आणि ते शंकूपेशींनी पाहायचे आहे, तर दांडपेशींची काळजी कशाला? काळजी आजूबाजूच्या माणसांसाठी. शेजारचा माणूस कुठे उभा आहे, कोणी वाकले आहे का, कोणाचा हात कुठे आहे, हे डोळ्याच्या कडेने दिसते. आणि डोळ्याची कड हे दांडपेशींचे राज्य आहे.

म्हणून टार्गेटवरचा उजेड मध्यम ठेवतात. फार कमी असेल तर डोळ्याची बाहुली रुंदावते आणि कॅमेऱ्याचे भिंग पूर्ण उघडल्यावर होते तसेच चित्र धूसर होते. फार जास्त असेल तर बाहुली आकसते, टार्गेट स्वच्छ दिसते, पण भोवतालचे जग काळेभोर होते. दोन्ही टोके वाईट. मधली वाट चांगली. दिवा टार्गेटच्या दीड-दोन फूट पुढे, जमिनीलगत, फळीच्या आड ठेवायचा, म्हणजे त्याचा झोत कागदावर आणि मागच्या मातीच्या बांधावर पडतो आणि आपल्या डोळ्यांत येत नाही.

रायफलीवर दुर्बीण नसेल तर नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच जुळवून नेम धरावा लागतो. तरुण डोळ्याला ते जमते. चाळिशी ओलांडलेल्याला माशी स्पष्ट दिसली तर टार्गेट पुसट होते आणि टार्गेट स्पष्ट दिसले तर माशीला केस फुटतात. चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो ते उगाच नव्हे. रात्री बाहुली मोठी झाल्याने ही अडचण दुणावते. पण एक सोयही होते. टार्गेट उजेडात आणि आपण अंधारात असलो, तर काळी माशी पांढऱ्या कागदावर सावलीसारखी ठसठशीत उमटते. त्यासाठी टार्गेटचा काळा गोल लहान आणि भोवतीचा पांढरा कागद भरपूर मोठा ठेवावा. माशीच्या शेंड्यावर गोल 'बसवायचा', देव्हाऱ्यातल्या समईवर ज्योत बसावी तसा.

दुर्बिणीचे गणित

साठ-सत्तर डॉलरच्या दुर्बिणीवर '३-९ × ४०' असे लिहिलेले असते. अर्थ असा, की ती वस्तू तीन ते नऊ पट मोठी दाखवते आणि तिचे पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे आहे. मागच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी म्हणजे ४० भागिले पट. नऊवर ती ४.४ मिलिमीटर होते, तीनवर १३.३. अंधारात तरुणाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, माझ्या वयात ती पाच-सहा मिलिमीटरवर थांबते. शलाका बाहुलीपेक्षा बारीक असेल तर चित्र अंधारते. जाड असेल तर जादाचा प्रकाश डोळ्याबाहेर वाया जातो. म्हणून रात्री नऊवर नेऊन "काही दिसत नाही" म्हणून कुरकुरण्यात अर्थ नाही. सातवर आणावी, शलाका ५.७ मिलिमीटरची होते आणि बाहुलीत नेमकी मावते. भिंगाची किंमत न वाढवता, केवळ एक कडे फिरवून मिळणारा हा उजेड आहे. मात्र कितीही उंची दुर्बीण घेतली तरी टार्गेटचा पृष्ठभाग उघड्या डोळ्याला दिसतो त्याहून उजळ होत नाही, फक्त मोठा होतो. हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे, जाहिरातवाले काहीही म्हणोत.

दुर्बिणीतली नेमाची काळी फुली अंधाऱ्या पार्श्वभूमीवर हरवते. त्यासाठी बॅटरीवर उजळणारी फुली मिळते. ती सर्वांत मंद पायरीवर ठेवावी, नाहीतर तिचीच चमक डोळ्यात भरते.

अवरक्त प्रकाश टाकून अंधारात दाखवणाऱ्या डिजिटल दुर्बिणी अलीकडे स्वस्त झाल्या आहेत. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला ८५० नॅनोमीटरचा, आपल्याला जवळजवळ न दिसणारा प्रकाश दिसतो, एवढेच त्यामागचे रहस्य. आपल्यासारख्या यंत्रवेड्यांना ती घरी जोडून पाहण्याची खुमखुमी येते. पण कॅलिफोर्नियात अवरक्त दिव्यासह रायफलीवर बसवायचे असे उपकरण नुसते जवळ ठेवणे हासुद्धा गुन्हा आहे, आणि इतर राज्यांत शिकारीसाठी त्यावर निरनिराळी बंधने आहेत. कागदावरच्या नेमबाजीला त्याची गरज नाही. दोन साधे दिवे पुरतात.

रात्रीची हवा

रात्र नेमबाजाला काही गोष्टी फुकट देते. दिवसा तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत वर जाते आणि दुर्बिणीत टार्गेट पाण्यात पडल्यासारखे हलते. रात्री जमीन निवते आणि हे थांबते. ढग येऊन-जाऊन उजेड बदलण्याचा त्रासही नाही, दिवा तेवढाच राहतो. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतचा वाराही बहुधा मंदावतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा .२२ च्या गोळीला ५० यार्डांत सुमारे एक इंच ढकलतो, म्हणून हे महत्त्वाचे. पण जो वारा उरतो तो दिसत नाही. गवत दिसत नाही, झेंडी दिसत नाही. आम्ही टार्गेटच्या दिव्याजवळ काठीला एक लोकरीचा धागा बांधतो. तो उजेडात हलताना दिसतो आणि काम भागते.

थंडीचे एक गणित मला फार आवडते. शून्याखाली १० अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर असतो. २० अंशांना तो ३४३ असतो. साध्या वेगाच्या .२२ काडतुसाची गोळी खोक्यावरच्या आकड्यानुसार सेकंदाला १०७० फूट, म्हणजे सुमारे ३२६ मीटर वेगाने निघते. म्हणजे उन्हाळ्यात जी गोळी आवाजाच्या मागे असते, ती जानेवारीतल्या रात्री त्याच्या बरोबरीला येते. एरवीच्या बोथट 'टप्'मध्ये मधूनच एखादा चाबकासारखा फटकारा ऐकू येतो तो त्यामुळे. थंडीत दारूचा जोरही थोडा कमी होतो, म्हणून तो प्रत्येक गोळीला ऐकू येत नाही.

थंडीत बोल्टमधले जाड ग्रीस घट्ट होते, आतली सुई मंदपणे आपटते आणि काडतूस उडत नाही. अशा वेळी नळीचे तोंड बांधाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचे आणि मगच बोल्ट उघडायचा. ठिणगी उशिरा पेटून गोळी मागाहून सुटू शकते.

दिवा विझल्यावरचा घास

महाभारताच्या आदिपर्वात एक प्रसंग आहे. अर्जुन रात्री जेवत असताना वाऱ्याने दिवा विझला. हात मात्र सवयीने नेमका तोंडाशीच जात राहिला. त्यावरून त्याच्या लक्षात आले, की सवय झाली तर बाणही अंधारात सोडता येईल, आणि तो रात्री धनुर्विद्येचा अभ्यास करू लागला. प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून द्रोणाचार्य उठून आले आणि त्यांनी त्याला पोटाशी धरले. पोपटाच्या डोळ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ही मात्र मला जास्त शास्त्रीय वाटते.

कारण आजचे प्रशिक्षक हेच शिकवतात. पोटावर झोपून रायफल खांद्याला लावायची, टार्गेटवर नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. नेम सरकला असेल तर हातांनी रायफल ओढून तो दुरुस्त करायचा नाही. सगळे शरीर, कंबर आणि पाय, हलवून पुन्हा तीच परीक्षा घ्यायची. डोळे मिटून उघडल्यावर नेम जागेवर असला, म्हणजे स्नायू नव्हे तर हाडे रायफल पेलत आहेत असे समजायचे. दिवसा डोळा शरीराच्या चुका झाकून टाकतो. रात्री डोळ्याची मदत कमी झाली की शरीराला आपली जागा स्वतः शोधावी लागते. हिवाळाभर अंधारात सराव केल्यावर एप्रिलच्या उन्हात माझे पुंजके नेहमी लहान येतात, त्याचे कारण मला तरी हेच दिसते.

नेम लागला की नाही हेही रात्री डोळ्याआधी कानाला कळते. लोखंडी तबकडीवर गोळी लागली की 'टिंग' असा आवाज येतो. ५० यार्ड जायला गोळीला सुमारे सातवा भाग सेकंद लागतो आणि आवाजाला परत यायला जवळजवळ तेवढाच. चाप ओढल्यानंतरचा तो पाव सेकंदाहून किंचित जास्त वेळ, श्वास धरून, काळोखात कान देऊन ऐकण्यात जे सुख आहे, ते मैफलीत समेची वाट पाहणाऱ्याला कळेल.

रेंजची शिस्त

.२२ ची गोळी चिमुकली असली तरी खोक्यावर दीड मैलापर्यंतच्या धोक्याचा इशारा छापलेला असतो. म्हणून रात्रीचा मुख्य नियम: ज्या टार्गेटमागचा मातीचा बांध उजेडात दिसत नाही, त्यावर गोळी मारायची नाही. दिवा विझला तर त्याच क्षणी सर्वांनी थांबायचे. पुढे टार्गेट बदलायला जाण्याआधी प्रत्येक रायफलीचा बोल्ट उघडा, नळीत भडक रंगाची प्लॅस्टिकची पट्टी, रायफल खाली आणि सर्वजण मागे. हे एका माणसाने दिवा घेऊन प्रत्येकाजवळ जाऊन डोळ्यांनी पाहायचे. तोंडी "झाले का?" "झाले" यावर भागत नाही. पुढे जाणाऱ्याच्या पाठीवर आणि छातीवर लुकलुकणारा दिवा असतो. रायफलीला बसवलेली बॅटरी कोणीही काहीही शोधायला वापरत नाही, कारण जिकडे तिचा झोत तिकडे नळीचे तोंड.

कानाला बंद आणि डोळ्याला संरक्षक चष्मा हवेतच. .२२ चा आवाजही वारंवार ऐकला तर कान बिघडवतो. आणि एक गोष्ट, जिच्याकडे फार दुर्लक्ष होते: शिसे. गोळीत शिसे असते आणि ठिणगीच्या मसाल्यातही असते. घरी आल्यावर आधी साबणाने हात-तोंड धुवायचे, कपडे वेगळे टाकायचे, मगच पोराला उचलून घ्यायचे. रेंजवर चहा आणि चिवडा नाही.

परतताना रायफल रिकामी, पेटीत आणि डिकीत, काडतुसे वेगळी. रात्रीच्या वेळी, आपल्या वर्णाच्या माणसाच्या गाडीत, पुढच्या सीटवर उघडी रायफल पोलिसाला दिसणे हा कोणाच्याच हिताचा प्रसंग नव्हे.

घरातला प्रश्न

३० नोव्हेंबर २०२१ रोजी आमच्याच राज्यातल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाने केलेल्या गोळीबारात चार विद्यार्थी मरण पावले. पिस्तूल घरातले होते. २०२४ साली त्याच्या आईला आणि वडिलांना, दोघांनाही, सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवण्यात आले. १३ फेब्रुवारी २०२४ पासून मिशिगनमध्ये कायदा आहे, की घरात अल्पवयीन मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल तर शस्त्र कुलूपबंद पेटीत, नाहीतर रिकामे करून कुलूप लावूनच ठेवले पाहिजे. 'येण्याची शक्यता' हे शब्द महत्त्वाचे. आपल्या घरी गणपतीला पन्नास माणसे आणि वीस मुले येतात.

या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हा आकडा आपल्या समाजात कोणी बोलत नाही. परीक्षा, कॉलेजप्रवेश, नोकरी जाणे, व्हिसाची टांगती तलवार, एकटेपणा. आपल्या घरांत हे सगळे आहे. वाईट क्षण येतो आणि जातो. तो क्षण जाईपर्यंत हाताशी काय आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून माझी रायफल पोलादी कपाटात, बोल्ट काढून दुसऱ्या कुलपात आणि काडतुसे तिसऱ्या ठिकाणी असतात. कपाटाच्या कुलपाचा आकडा मुलांना माहीत नाही, आणि त्यांच्या वाढदिवसांवरून तो ठरवलेलाही नाही. घरात कोणाचे मन ठिकाणावर नसेल, तर काही महिने रायफल घराबाहेर, कायद्यात बसेल अशा ठिकाणी, ठेवून द्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

मूल मित्राकडे खेळायला जाणार असेल तर आपण विचारतो, घरात कुत्रा आहे का, शेंगदाणे चालतात का. त्याच सुरात विचारावे, "घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात आहे का?" आपल्याला संकोच वाटतो, आगाऊपणा वाटतो. इथल्या पालकांना वाटत नाही. मला हा प्रश्न दोनदा विचारला गेला आहे. दोन्ही वेळा मी विचारणाऱ्या आईला घरी बोलावून कपाट दाखवले आणि मग चहा केला. ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्या घरी मुलाला पाठवू नये.